जुन्या छोट्या क्रूझ बोटीवर पहिल्यांदा जायलात तर

भाऊ, केबिनला बाल्कनी नाही म्हणून बुकिंग कॅन्सल करू नका. छोटी बोट मोठ्या बोटींना जमत नाही तिथं जाती. ग्रीसचा कोरिंथ कालवा जेमतेम 24 मीटर रुंद, त्यातून 2019 ला साडेबावीस मीटर रुंदीची ब्रेमार नावाची जुनी क्रूझ बोट पार झाली, दोन लाख टनांवरच्या नव्या बोटींना तिथं शिरताच येत नाही.

सुरुवातीला एवढंच बघा:

- केबिन खालच्या डेकवर, मधोमध घ्या. आपल्या लातूर-नांदेडकडची माणसं व्ह्यूसाठी वरची, पुढच्या टोकाची घेतात अन् लाटा सुरू झाल्या की आडवी. छोटी बोट जास्त हलतेच. उलटीची गोळी डॉक्टरला विचारून ठेवा अन् मळमळायच्या आधी घ्या, नंतर घेऊन फारसा उपयोग नाही.
- व्हिसा प्रत्येक देशाचा तपासा. शेंगेन (युरोपातल्या बऱ्याच देशांचा एकच व्हिसा) लागत असेल तर मल्टिपल एंट्रीच, म्हणजे परत परत आत येता येईल असा घ्या, बोट मधेच बाहेर जाऊन परत आत येती.
- बोट सुटायच्या दिवशीचं विमान नको, एक दिवस आधी पोचा.
- इस्त्री नेऊ नका, चढतानाच काढून घेतात.

शेंगाची चटणी न्यायचीच असेल तर कंपनीला विचारून सीलबंद न्या, पण ऑस्ट्रेलियात न सांगता खाली उतरवली तर दंड बसतो हां. टिप, ड्रिंक पॅकेज वगैरे नंतर बघू, आधी पासपोर्टची मुदत सांगा.