निवृत्तीनंतरचे पहिले सहा आठवडे: आधी काय उरकायचं आणि काय लांबणीवर टाकायचं

तुमचा प्रश्न असा: वय ५८, पुढच्या महिनाअखेरीस खाजगी कंपनीतून निवृत्ती, घर ठाण्यात कासारवडवलीला, ऑफिस मुंबईत फोर्टला. निवृत्तीनंतरचे पहिले काही आठवडे लोक नेमके कसे घालवतात आणि आपण काय करावं? निवृत्त होणाऱ्यांची कागदपत्रं बघण्यातच माझी एचआरमधली नोकरी गेली आणि आता ज्येष्ठ नागरिक संघात तेच काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

बहुतेकांचा पहिला आठवडा रजेसारखा जातो. सत्कार, फोन, जेवणाची आमंत्रणं, सकाळी उशिरा उठणं. दुसऱ्या आठवड्यात कपाटं आवरली जातात, माळा खाली उतरतो, जुन्या बिलांचे गठ्ठे फाडून टाकले जातात. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात आवरायला काही उरत नाही आणि सकाळी दहा ते संध्याकाळी पाच हा वेळ अंगावर येतो. नेमके त्याच सुमाराला पीएफ आणि ग्रॅच्युइटीचे पैसे खात्यात पडतात. वेळ मोकळा आणि रक्कम मोठी, दोन्ही एकदम हाती आलं की घाईचे निर्णय होतात. अख्ख्या घराच्या टाइल्स उकरायला काढणं, मोठी गाडी, नात्यातल्या कुणाला उसने, बँकेतल्या ओळखीच्या माणसाने सुचवलेली पॉलिसी. म्हणून माझं सांगणं एवढंच: ज्या कामांना मुदत आहे ती क्रमाने आत्ताच उरका, आणि ज्यांना मुदत नाही त्यातलं एकही मोठं काम पहिले तीन महिने हातात घेऊ नका.

पहिलं काम निवृत्तीच्या आधीचं आहे आणि तेच सगळ्यात जास्त राहून जातं. तुमचा मोबाइल नंबर कंपनीच्या नावावर आहे का? असेल तर आधार, बँक, पीएफचा यूएएन (पीएफ खात्याचा कायमचा नंबर), म्युच्युअल फंड या सगळ्यांचे ओटीपी त्याच नंबरवर येतात, आणि शेवटच्या दिवशी सिम परत केलं की सगळी दारं एकदम बंद. नंबर स्वतःच्या नावावर करून देण्याचं पत्र कंपनीकडून मागा. ते जमत नसेल तर नवीन नंबर घेऊन आधी आधारला जोडा. मग बँक, मग यूएएन. ऑफिसचा ईमेल कुठे कुठे दिला आहे तेही याच आठवड्यात तपासा. विमा आणि फंडांची पत्रं बहुतेक तिथेच येत असतात.

दुसरं, आरोग्य विमा. कंपनीच्या ग्रुप पॉलिसीचं संरक्षण सहसा नोकरीच्या शेवटच्या दिवशी संपतं, तुमचं आणि त्यावर असलेल्या पत्नीचं-आईवडिलांचंही. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं आणि ग्रुपमध्ये काढलेली वर्षं आधीपासूनच्या आजारांच्या प्रतीक्षा काळातून (ज्या काळात त्या आजारांचा खर्च मिळत नाही) वजा होतात. मात्र अर्ज ग्रुपचं संरक्षण चालू असतानाच करावा लागतो. मी ४५ दिवस आधी करायला सांगते, कारण कंपनी वैद्यकीय तपासणी मागू शकते आणि त्यात दिवस जातात. ही संधी हुकली आणि नवी पॉलिसी घ्यावी लागली, तर मधुमेह किंवा रक्तदाब यांसाठी तीन वर्षांपर्यंतचा प्रतीक्षा काळ नव्याने सुरू होऊ शकतो. तुमच्याकडे दिवस मोजकेच आहेत, तेव्हा हे या आठवड्यातलं काम समजा.

आता पीएफ. निवृत्तीमुळे नोकरी संपली असेल तर फॉर्म १९, म्हणजे पीएफचे पैसे काढण्याचा अर्ज, भरायला थांबावं लागत नाही. तरीही दुसऱ्याच दिवशी भरू नका. शेवटच्या महिन्याचा हप्ता कंपनी पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरते. तो पासबुकात दिसण्याआधी दावा केला तर तेवढी रक्कम मागे राहते आणि तिच्यासाठी पुन्हा दावा करावा लागतो. म्हणजे साधारण २० तारखेच्या सुमाराला तीन गोष्टी बघा: शेवटचा हप्ता जमा झाला का, कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख टाकली का, आणि आधार, पॅन व यूएएनवरचं नाव अक्षरशः एकसारखं आहे का. एकीकडे वडिलांचं पूर्ण नाव आणि दुसरीकडे नुसतं आद्याक्षर, एवढ्यावरही दावा परत येतो. दुसरं नेहमीचं कारण म्हणजे बँकेच्या शाखेचा जुना आयएफएससी कोड. देना, विजया, सिंडिकेट, कॉर्पोरेशन अशा विलीन झालेल्या बँकांत पूर्वीपासून खातं असेल तर यूएएनमध्ये नवा कोड घालून घ्या.

पीएफबरोबरच्या पेन्शनसाठी फॉर्म १० डी वेगळा असतो. दहा वर्षं सेवा झालेली असेल तर ५८ पूर्ण झाल्यावर तो भरायचा. पतीपत्नीचा एकत्र फोटो काढून ठेवा, तो ऐनवेळी कुणाकडेच नसतो. पेन्शनच्या आकड्याबद्दल मात्र आधीच मनाची तयारी ठेवा. सूत्र असं: पेन्शनपात्र पगार गुणिले सेवेची वर्षं भागिले ७०, आणि वीस किंवा त्याहून जास्त वर्षांच्या सेवेला दोन वर्षं वाढीव. वाढीव पेन्शनचा पर्याय ज्यांनी घेतलेला नाही त्यांचा पगार कितीही असला तरी १५,०००च धरला जातो. ३० वर्षं सेवा असेल तर १५,००० × ३२ ÷ ७० म्हणजे ६,८५७ रुपये महिना. सप्टेंबर २०१४ पूर्वीच्या सेवेला मर्यादा ६,५०० ची लागते, त्यामुळे हातात येतात ते याहूनही कमी. घरखर्च या पेन्शनवर बेतू नका.

ग्रॅच्युइटीचा हिशेब स्वतः करून बघा: शेवटचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता, गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं. सहा महिन्यांच्या वरचं अर्धवट वर्ष पूर्ण धरतात. ६०,००० पगार आणि २८ वर्षं ७ महिने सेवा असेल तर २९ वर्षं, म्हणजे सुमारे १०,०३,८४६ रुपये. रक्कम देय झाल्यापासून ३० दिवसांत मिळायला हवी, उशीर झाला तर व्याज मागता येतं. तुमच्यासारख्या खाजगी नोकरदारांना २० लाखांपर्यंतची ग्रॅच्युइटी करमुक्त आहे, शिल्लक रजेचे पैसे २५ लाखांपर्यंत.

पैसे कुठे ठेवायचे यावर मी एकच ठाम गोष्ट सांगते, बाकी सल्लागाराला विचारा. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेला एरवी वय ६० लागतं, पण ५५ ते ६० मध्ये निवृत्त झालेल्याला निवृत्तीची रक्कम हाती आल्यापासून तीन महिन्यांच्या आत खातं उघडता येतं. मुदत टळली की साठीपर्यंत थांबणं आलं. रक्कम कधी मिळाली याचं कंपनीचं पत्र लागतं, ते रक्कम खात्यात पडताच मागून घ्या. मर्यादा ३० लाख, पण मिळालेल्या निवृत्तीच्या रकमेपेक्षा जास्त नाही. मुदत पाच वर्षं, व्याज दर तिमाहीला: १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर, १ जानेवारी. ८.२ टक्के दराने ३० लाखांवर तिमाहीला ६१,५०० रुपये येतात. वर्षाच्या आत खातं मोडलं तर दिलेलं व्याजही मुदलातून कापून घेतात, म्हणून लेकीच्या लग्नाचे किंवा घराच्या डागडुजीचे पैसे यात घालू नका. उरलेली रक्कम तीन महिन्यांच्या एफडीत ठेवा, आणि एका बँकेत मुद्दल-व्याज मिळून पाच लाखांच्या आत, कारण ठेव विम्याचं संरक्षण तेवढंच आहे.

या काळात फोन फार येतात. बँकेतून कुणी नियमित उत्पन्नाची योजना म्हणून विमा पॉलिसी गळ्यात मारली असेल तर ती हातात पडल्यापासून ३० दिवसांत परत करता येते. आणि पोलीस किंवा सीबीआयच्या नावाने व्हिडिओ कॉल करून कुणी 'डिजिटल अटक' म्हणालं तर फोन ठेवा. असा प्रकार कायद्यात नाही. पैसे गेलेच तर तासाभराच्या आत सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन करा, जितका उशीर तितके पैसे पुढच्या खात्यांत पांगतात. हे पत्नीलाही सांगून ठेवा. दुपारी घरातला फोन बऱ्याचदा त्याच उचलतात.

कागदांचं झालं. आता दिवसाचं, आणि माझ्या मते हे जास्त कठीण आहे. कासारवडवलीहून फोर्टला जाणारा माणूस सकाळी सातला घर सोडतो आणि रात्री साडेआठला दार वाजवतो. कधी उठायचं, कधी खायचं, किती चालायचं हे सगळं लोकल ठरवत असते. ती गेली की शरीराचं वेळापत्रकही जातं.

सगळ्यात आधी औषधं. रक्तदाबाची गोळी 'निघताना चहाबरोबर' घ्यायची सवय असते. निघणंच बंद झालं की गोळी कधी नऊला, कधी विसरून. मधुमेहाच्या काही गोळ्यांत धोका उलटा असतो: गोळी सवयीने सातला घेतली आणि नाश्ता आरामात साडेनऊला, तर साखर एकदम खाली येते. घाम सुटतो, हात थरथरतात. गोळी आणि खाण्याची वेळ डॉक्टरांकडून नव्याने लिहून घ्या, आणि महिन्याने साखर तपासा, कारण चालणं कमी होऊन मधल्या वेळचं फरसाण वाढलेलं असतं.

चालण्याचा हिशेब लोक चुकवतात. स्टेशनचे पूल, फलाट, स्टेशन ते ऑफिस असं चालणं नकळत होत होतं. ते थांबल्यावर पोट जड होतं, झोप उडते, आणि मग उत्साहाच्या भरात पहिल्याच दिवशी येऊरच्या डोंगराची चढण गाठली जाते आणि आठवडाभर गुडघा धरून बसावं लागतं. पहिले दोन आठवडे सपाटीवर २५-३० मिनिटं, नंतर दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवा. घोडबंदर रोडच्या कडेने चालू नका, धूळ आणि वाहनं दोन्ही फार. सोसायटीच्या आवारात किंवा उपवन तलावावर जा. पाचपाखाडीच्या बाजूला राहणाऱ्यांना कचराळी तलाव सोयीचा, वाशीकरांना सागर विहार, नेरुळकरांना ज्वेल ऑफ नवी मुंबई. दुपारची झोप गजर लावून अर्धा तास. दोन तास झोपलात तर रात्री एकला छताकडे बघत पडाल.

आता घर. तुमच्या पत्नीचा दिवस इतकी वर्षं तुमच्याशिवाय नीट चाललेला आहे. सकाळी डबा दिला की स्वयंपाक संपला, दुपारी स्वतःला हवं तेव्हा दोन घास, मग वर्तमानपत्र किंवा पडणं, भिशी, मैत्रिणीचा फोन. तुम्ही घरी बसलात की दहाला दुसरा चहा, एकला गरम पोळी, चारला काहीतरी खायला, असं तिचं काम वाढतं आणि मोकळा वेळ जातो. पहिल्या महिन्यातली निम्मी भांडणं इथून निघतात. उपाय साधा आहे: सकाळी डब्याच्या वेळेलाच पोळीभाजी होऊ द्या आणि एकला तीच स्वतः वाढून घ्या. दहाचा चहा तुम्ही करा, दोघांचा. शिवाय एकदोन कामं पूर्णपणे तुमची: भाजी आणणं ते निवडून फ्रिजमध्ये लावणं, किंवा वीजबिल, गॅस, सोसायटीचा मेंटेनन्स. अर्धं काम घेऊन उरलेल्यात सूचना करू नका. डब्यांवर चिठ्ठ्या लावणं आणि कामवाल्या मावशींच्या वेळा बदलणं तर अजिबात नको.

दहा ते पाचसाठी आठवड्यातल्या तीन ठरलेल्या वेळा पुरतात, रोजचा कार्यक्रम लागत नाही. मात्र त्या घराबाहेरच्या आणि इतर माणसांबरोबरच्या हव्यात. ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ पासून चालू आहे. सभासद व्हा, पुस्तक बदलायला जाणं हेच एक ठरलेलं काम होतं. घंटाळी मित्र मंडळाचे योगवर्ग आहेत. नवी मुंबईत महापालिकेची विरंगुळा केंद्रं बऱ्याच नोडमध्ये, म्हणजे विभागांत, आहेत. सवलतींच्या बाबतीत मात्र ५८ म्हणजे ज्येष्ठ नव्हे: आयकर आणि बँकेच्या वाढीव व्याजासाठी ६० लागतात, एसटीच्या अर्ध्या तिकिटासाठी ६५.

महिन्याभरात सोसायटीतले लोक सेक्रेटरी व्हा म्हणून दारात येतील. मोकळा आणि लिहिता-वाचता माणूस सगळ्यांनाच हवा असतो. लगेच हो म्हणू नका. आधी मागच्या वर्षीचा ऑडिट अहवाल आणि थकबाकीदारांची यादी मागा, ती वाचून मग ठरवा. एकदा नाव लागलं की पाण्याच्या टँकरपासून पार्किंगपर्यंतचे फोन रात्री दहालाही येतात, आणि नुकतीच बसवलेली घडी मोडते.

कोकणातल्या घरी कायमचं जाण्याचा बेत असेल तर तो मे महिन्यातल्या आंब्यांवर ठरवू नका. जुलैत पंधरा दिवस दोघांनी तिथे राहून बघा: वीज किती वेळ जाते, पायवाटेवर शेवाळ किती, रात्री छातीत दुखलं तर जवळचं हॉस्पिटल गाडीने किती मिनिटांवर. ठाण्याचं घर विकायचं की भाड्याने द्यायचं, हा विषय त्यानंतर काढा.