स्टँडवरचा नंबर

पुणे

बाळा,

बायकांसाठीच्या सरकारी योजनेतली तुझी गुलाबी ई-रिक्षा मंजूर झाल्याचं आईनं सांगितलं. ऐकून अंगावर मूठभर मांस चढलं. गाडीच्या किमतीत शासनाचे 20 टक्के, तुझे 10 आणि बाकीचं 70 टक्के बँकेचं कर्ज. म्हणजे हप्ता काही थांबणार नाही. रोजचा धंदा झालाच पाहिजे, आणि धंदा ठरतो स्टँडवरच्या नंबरावर, म्हणजे रांगेतल्या पाळीवर. म्हणून त्याबद्दल आधी लिहिते.

सुरुवातीला मंडळी म्हणतील, "ताई, तुम्ही घ्या पुढं." मनानं चांगली असतात ती. तरी घेऊ नकोस. मी स्वारगेटच्या स्टँडवर महिनाभर असा पुढचा नंबर घेतला. मग एका पावसाळी संध्याकाळी हडपसरचं भाडं आलं, नंबर माझाच होता, आणि मागून आवाज आला, "रोज आम्ही सोडतो, आज तुम्ही सोडा." मला तोंड उघडायला जागा नव्हती. भाडं गेलं. दुसऱ्या दिवसापासून मी रांगेत मागं लागले. सात रिक्षा पुढं तर सात. पण नंबर आला की तो सोडायचा नाही. "बाईमाणूस, इतक्या लांब कशाला?" असं कुणी म्हणालं तरी मीटर टाकायचं आणि निघायचं.

देशातल्या पहिल्या महिला रिक्षाचालक मानल्या जाणाऱ्या शीला डावरे यांनी 1988 साली याच पुण्यात रिक्षा हाती घेतली. तरी लोक अजून वळून बघतात. फोटो काढायलाही येतील. कौतुक घे, तुझ्या हक्काचं आहे, फक्त भाडं पोचवून आल्यावर.

गाडी तीन चाकी आहे. वेग वळणाआधी कमी कर. वळताना जोरात ब्रेक दाबलास तर आतलं चाक उचलतं.

आणि पाणी पी. स्टँडजवळ बायकांना जाण्याजोगी सोय नव्हती, म्हणून मी वर्षानुवर्षं दुपारपर्यंत घोटभर पाण्यावर काढली. मुतखडा झाला, आठ दिवस रिक्षा दारात उभी. पुरुषांना हा प्रश्न पडतच नाही, म्हणून स्टँडच्या बैठकीत तो कुणी काढत नाही. तू काढ, लाजू नकोस. तोवर पेट्रोल पंप, दवाखाने, ओळखीची घरं हेरून ठेव.

सोमवारी सहाला स्वारगेटला ये. मी मागं बसते, कात्रजपर्यंत जाऊन येऊ. बाटली लिटरभराची आण.

तुझी मावशी