पोटॅशियम ७.९ आणि पेशंट ठणठणीत: चूक बल्ब भरताना झालीये

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही लिहिलंय की तालुक्याच्या कलेक्शन सेंटरवर लागून तीन महिने झालेत, एका आजींचं रक्त शहरातल्या लॅबला पाठवलं, पोटॅशियम ७.९ आलं, डॉक्टरांनी घाईघाईने ईसीजी काढला तो नॉर्मल, दुसऱ्या दिवशी परत रक्त घेतलं तर ४.३, मग डॉक्टर सगळ्यांसमोर तुम्हाला बोलले आणि लॅबवाले म्हणतात आमचं मशीन बरोबर आहे. मशीन बरोबरच असणार. पण तुम्ही जो पहिला रिपोर्ट टाकलाय त्यात खाली कॅल्शियम ५.१ आणि अल्कलाइन फॉस्फटेज (रक्तातलं एक एन्झाइम) १४ आहे, दोन्ही फारच कमी, ते बघितलंत का? उत्तर तिथेच आहे.

सीबीसीच्या (रक्तपेशी मोजायच्या तपासणीच्या) जांभळ्या झाकणाच्या बल्बमध्ये, म्हणजे रक्त भरायच्या नळीत, जे ईडीटीए असतं ते पोटॅशियमचा क्षार असतं, आणि ते रक्तातलं कॅल्शियम धरून ठेवतं म्हणून तर ते रक्त गोठत नाही. त्याचा एखादा थेंब जरी प्लेन (असं औषध नसलेल्या) बल्बमध्ये गेला तरी पोटॅशियम वर, कॅल्शियम खाली, आणि अल्कलाइन फॉस्फटेजला लागणारं झिंक-मॅग्नेशियमही ईडीटीए ओढून घेतं म्हणून तेही खाली. हे तिन्ही एकत्र दिसलं की समजायचं, रक्त जांभळ्या बल्बमधून आलंय. खरंच कॅल्शियम ५.१ असतं तर आजी हातपाय आखडून पडल्या असत्या, चालत घरी गेल्या नसत्या.

आता हे होतं कसं, तर बहुतेक वेळा दोनच प्रकारे. एक म्हणजे सिरिंजने रक्त घेतलं, आधी जांभळा बल्ब भरला, सिरिंजचं टोक आतल्या औषधाला लागलं आणि तेच टोक पुढे प्लेनमध्ये. दुसरं म्हणजे प्लेन कमी भरला आणि जांभळ्यात जरा जास्त झालं म्हणून तिकडचं इकडे ओतलं. तुम्ही ओतलंच असं मी म्हणत नाही, पण आठवून बघा, कारण मी २२ वर्षं हेच काम करतेय आणि नवीन मुलं हे अगदी चांगल्या मनाने करतात, पेशंटला परत टोचायला नको म्हणून. आजींची शीर सापडत नसेल, रक्त ३ मिलीच आलं असेल, तर फोन करून विचारा की कुठली टेस्ट जास्त गरजेची आहे, पण एका बल्बमधलं दुसऱ्यात कधीच नाही.

क्रम पाठच करून टाका: ब्लड कल्चर (रक्तात जंतू वाढतात का ते बघायची तपासणी) असेल तर ते सगळ्यात आधी, मग पीटीचा (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्या तपासणीचा) निळा, मग लाल (प्लेन) किंवा पिवळा, मग हिरवा, मग जांभळा आणि शेवटी शुगरचा राखाडी. सिरिंज असेल तर सुई काढून, बल्बच्या कडेने हळू सोडायचं, दाबून फवारा मारला की पेशी फुटतात. औषधवाले बल्ब भरल्या भरल्या ८-१० वेळा उलटेसुलटे करायचे (निळा ३-४ वेळा पुरे), हलवायचे म्हणजे सरबतासारखे घुसळायचे नाहीत.

पोटॅशियम खोटं वाढायची अजून कारणं आहेत आणि प्रत्येकाची खूण वेगळी असते. पेशी फुटल्या असतील तर सिरम (गोठलेल्या रक्तावर सुटणारं पाणी) लालसर दिसतं, ते डोळ्यांनीच कळतं. दंडाला पट्टा बांधून पेशंटला मूठ उघडझाप करायला लावली तर एखाद-दीड पॉइंट सहज वाढतं, म्हणून मूठ नुसती मिटून धरायला सांगा आणि पट्टा एक मिनिटाच्या वर नको. तिसरं कारण आपल्या गावाकडच्या सेंटरांना सगळ्यात जास्त नडतं ते म्हणजे फ्रिज. संध्याकाळी पिकअपवाला आला नाही, सेंट्रीफ्यूज (बल्ब गरगर फिरवून पेशी खाली बसवणारं मशीन) लावायला लाईट नाही, म्हणून अख्खं रक्त तसंच फ्रिजमध्ये ठेवलं, सकाळी पाठवलं. थंडीत पोटॅशियम आत ओढणारा पेशींचा पंप मंदावतो आणि आतलं पोटॅशियम बाहेर झिरपतं, सिरम मात्र स्वच्छ पिवळं दिसतं त्यामुळे कुणाला शंका येत नाही, कॅल्शियमही नॉर्मल. म्हणून अर्धा तास बल्ब उभा ठेवून गोठू द्या, दोन तासांच्या आत सेंट्रीफ्यूज करून सिरम वेगळं काढा आणि मगच फ्रिज. लाईट जाणारच असेल तर इलेक्ट्रोलाइटचं (पोटॅशियमसारख्या क्षारांचं) सॅम्पल लाईट आल्यावर घ्या, पेशंटला दुपारी बोलवा, तो कुरकुरेल पण चालेल. शुगरचंही तेच, प्लेनमध्ये ठेवलं तर तासाला ५ ते ७ टक्के शुगर पेशी खाऊन टाकतात, मग डायबेटिसचा पेशंट कागदावर कंट्रोलमध्ये दिसतो.

निळ्या बल्बबद्दल मी जरा जास्तच कडक आहे. त्यात ०.३ मिली सायट्रेट असतं आणि रक्त बरोबर २.७ मिली, खुणेपर्यंत. कमी भरलात की औषध जास्त पडतं, आयएनआर (पीटीवरून काढलेला, रक्त किती पातळ आहे ते सांगणारा आकडा) खोटं वाढतं, आणि हा पेशंट बऱ्याचदा हृदयाची झडप बदललेला असतो, रक्त पातळ करायच्या गोळीवर असतो. डॉक्टर आयएनआर बघून गोळी कमी करणार आणि इकडे झडपेवर गुठळी धरणार. पाव मिलीचा हा प्रश्न आहे. खुणेच्या खाली राहिला की मी तो बल्ब फेकते आणि परत घेते, नातेवाईक काही बोलोत. आणि पीटीचं सॅम्पल फ्रिजमध्ये घालायचं नाही.

आता लेबल. तुम्ही ते विचारलं नाहीये पण सांगते, कारण माझ्या हातून झालेली सगळ्यात मोठी चूक तीच होती. सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट, गावात शिबिर होतं, शाळेच्या वर्गात बाकावर बसवून रक्त घेत होतो, बाहेर ही रांग. वेळ वाचावा म्हणून मी सकाळीच यादी बघून बल्बांवर नावं लिहून ठेवली होती, तीही एवढीशी, ‘एस. पाटील, ३४’, ‘एस. पाटील, ३५’. दोघी सख्ख्या जावा, शेजारी शेजारी बसलेल्या. मी नाव घेऊन विचारलं, पाटील ना? दोघी हो म्हणाल्या. हिमोग्लोबिन एकीचं ६.२ आणि एकीचं ११.८, आणि रिपोर्ट अदलाबदल. जी धडधाकट होती तिला रक्त चढवायला बोलावलं, ती घाबरून मुलांना माहेरी सोडून आली. तिथल्या डॉक्टर बाईंनी तिची पापणी खाली ओढून बघितली, आतून लालबुंद, म्हणाल्या हे ६ वालं रक्त नाही, थांबवा. त्यांनी ते बघितलं म्हणून निभावलं. ज्या जावेला खरंच ६.२ होतं ती आठ दिवस शेतात खुरपणीला जात होती, मला ते अजून आठवतं.

तेव्हापासून बल्बवर आधी काही लिहीत नाही. समोर बसल्यावर ‘तुमचं पूर्ण नाव सांगा, वय सांगा’ असं पेशंटच्या तोंडून वदवून घ्यायचं, ‘तुम्ही अमुक ना’ असं विचारायचं नाही, वयस्कर माणूस कशालाही हो म्हणतो. फॉर्मशी जुळवायचं, रक्त घ्यायचं, आणि पेशंट खुर्चीतून उठायच्या आत लेबल लावायचं: पूर्ण नाव, वय, नंबर, तारीख आणि वेळ. बल्बच्या अंगावर लावा, झाकणावर नाही, झाकणं मशीनजवळ निघतात. लेबल असं लावा की आत किती रक्त आहे ते दिसायला फट राहील. क्रॉसमॅचचं (रक्त चढवायच्या आधी जुळतं का ते बघायचं) असेल तर त्यावर स्वतःची सही पण.

बाकीचं थोडक्यात. लघवीचं कल्चर असेल तर मधली धार, दोन तासांत जाणार नसेल तर फ्रिज. टीबीसाठी पेशंटला स्पष्ट सांगा, ‘थुंकी नको, खोल खोकून बेडका हवा’, आणि मोकळ्या हवेत जाऊन काढायला सांगा, खोलीत नको. सीएसएफ (पाठीच्या मणक्यातून काढलेलं पाणी) आलं तर कल्चरसाठी ते फ्रिजमध्ये अजिबात नाही, तसंच पळवा. बर्फाच्या पॅकला बल्ब थेट चिकटू देऊ नका, मध्ये कागद किंवा कापड घाला आणि बल्ब उभेच राहू द्या.

बायोप्सी (तपासायला काढलेला शरीराचा तुकडा) मात्र तुमच्याकडे येत असेल तर दोन मिनिटं द्या. तुकड्याच्या निदान दहापट १० टक्के फॉर्मॅलिन, तोंड रुंद असलेली बाटली. मी इंजेक्शनच्या बाटलीत कोंबलेली गाठ बघितलीये, मऊ होती तेव्हा आत गेली, फॉर्मॅलिनने कडक झाली आणि बाहेर निघेना, शेवटी बाटली फोडावी लागली. सलाईनमध्ये ठेवून पाठवली तर कुजते, फ्रीझरमध्ये ठेवली तर पेशी फाटतात, आणि अपेंडिक्स काय नि कॅन्सरची गाठ काय, परत थोडीच काढता येणार आहे, रक्त निदान परत घेता येतं. एफएनएसीच्या (गाठीतून बारीक सुईने काढलेल्या पेशींच्या) स्लाईड त्याच डब्यात घालू नका, फॉर्मॅलिनच्या वाफेने त्या खराब होतात. स्लाईडवर नाव पेन्सिलनेच, पेनची शाई अल्कोहोलमध्ये धुऊन जाते.

डॉक्टरांचं म्हणाल तर जाऊन सांगा की कॅल्शियम आणि अल्कलाइन फॉस्फटेज बघता हे ईडीटीए मिसळल्यामुळे झालंय असं मला वाटतं, आणि यापुढे क्रम असा ठेवतेय. पहिला रिपोर्ट सोबत न्या, त्यांना तीन आकडे दाखवा. लॅबलाही फोन करून सांगा की असा रिपोर्ट परत दिसला तर पाठवायच्या आधी मला फोन करा, हे त्यांनीही पकडायला हवं होतं. आणि मला एवढं कळवा की तुमच्याकडे सिरिंज वापरतात की होल्डर (ज्यातून रक्त थेट बल्बमध्ये जातं), आणि सेंट्रीफ्यूज इन्व्हर्टरवर चालतं का, मग संध्याकाळच्या सॅम्पलचं काय करायचं ते नीट ठरवून सांगते.