गाडीत पाणी येतंय: सिलिकॉन मारण्याआधी थेंब शोधा

नमस्कार. तुमची गाडी २००८ची हॅचबॅक. गेल्या पावसाळ्यापासून पुढे डावीकडे पायाखाली पाणी साचतंय, गॅरेजवाल्याने समोरच्या काचेच्या कडेने दोनदा सिलिकॉन मारलं तरी फरक नाही आणि आता कुबट वास सुटलाय. माझी पहिली विनंती एकच, तिसऱ्यांदा सिलिकॉन मारू देऊ नका.

पाऊस गाडीच्या अंगात शिरतोच. वायपरखालच्या जाळीतून तो काऊलमध्ये, म्हणजे समोरच्या काचेच्या पायथ्याशी असलेल्या पत्र्याच्या पन्हळीत उतरतो, दाराच्या काचेलगतच्या फटीतून दाराच्या पोटात जातो. तिथून खाली बाहेर पडायला त्याला वाटा ठेवलेल्या असतात. जुन्या गाडीत बऱ्याचदा या वाटा तुंबतात, आणि आपण मात्र वरून नवं भोक शोधत बसतो. शिवाय पाणी दिसतं तिथून ते आत आलेलं नसतं. पत्र्याच्या कडेने, वायरिंगच्या जुडग्यावरून ते हातभर सरकतं आणि सगळ्यात खोलगट जागी साचतं. पायाखालचा भाग हा गाडीतला सगळ्यात खोलगट भाग.

म्हणून आधी पाणी कधी येतं ते नीट बघा. पाऊस नसताना, एसी लावून लांब गेल्यावर ओलं होतं का? मग एसीची निचऱ्याची नळी तुंबलीय. आपल्याकडे बहुतेक गाड्यांत एसीचं कूलिंग कॉइल डाव्या बाजूला डॅशबोर्डमागे असतं, त्यामुळे ती नळी तुंबली की पाणी नेमकं तुमच्या जागी उतरतं. दमट दिवशी अर्धा तास एसी चालवा आणि गाडीखाली वाका. थेंब पडत नसतील तर उत्तर मिळालं. नळीला खालून हलकी हवा मारली की काम होतं. जोरात तार खुपसू नका, आत कॉइल आहे. ओल चिकट असेल, गोडसर वास येत असेल, काचेवर तेलकट धुकं धरत असेल तर ते कूलंट, इंजिन थंड ठेवणारं द्रव, म्हणजे हीटरची कॉइल गळतेय. तसं असेल तर कूलंटची पातळी बघितल्याशिवाय गाडी बाहेर काढू नका, इंजिन तापेल. गाडी नुसती पावसात उभी असताना पाणी येत असेल तर माझा पहिला संशय काऊलवर.

हे मी स्वतः भोगलंय. देवरुखला माझी आधीची गाडी गुलमोहराखाली उभी असायची. गुलमोहराची पानं एवढी बारीक की जाळीतून सरळ आत जातात, वर मे-जूनमध्ये पाकळ्यांचा सडा. मी दोन पावसाळे काचेचं रबर बदलण्यात घालवले. शेवटी एका रविवारी वायपर काढले, जाळीच्या क्लिपा सोडवल्या आणि हात आत घातला. उकळून टाकलेल्या चहाच्या चोथ्यासारखा काळा, गार लगदा होता, दोन ओंजळी निघाला. काऊलमधलं पाणी त्यावर चढून ब्लोअरच्या, म्हणजे एसीची हवा आत फेकणाऱ्या पंख्याच्या तोंडातून आत येत होतं. लगदा हातानेच उपसा. पाइपाने आत ढकललात तर खालच्या अरुंद तोंडाशी जाऊन बसतो. तिथे रबरी तोंड असेल तर ते दाबून मोकळं करा, आणि मग तांब्याभर पाणी ओतून ते चाकामागून खाली पडतं का बघा. वायपर काढण्याआधी त्यांच्या जागेची काचेवर खूण करायला विसरू नका.

काऊल साफ करूनही पाणी येत राहिलं तर पाइपाची परीक्षा. दोन माणसं लागतात. पुढची सीट आणि मॅटिंग काढा. सीटखाली वायरिंगचे कनेक्टर असतील तर आधी बॅटरीची निगेटिव्ह तार सोडून थोडा वेळ थांबा, एअरबॅगची वायर तिथून जात असू शकते. कोरड्या पत्र्यावर टाल्कम पावडर भुरभुरा. एकाने आत टॉर्च घेऊन पडून राहायचं, दुसऱ्याने बाहेरून साधा पाइप धरायचा. प्रेशर वॉशर अजिबात नको, तो चांगल्या रबरातूनही पाणी घुसवतो. सुरुवात खालून. आधी दाराचा खालचा भाग, मग दाराची काच, मग समोरच्या काचेचे कोपरे, शेवटी छत. प्रत्येक जागी पाच मिनिटं. वरून सुरू केलंत तर ओघळ सगळीकडे जातो आणि काहीच कळत नाही. पावडरीवर पहिली रेघ उमटली की तिचा माग वर धरा.

दारातून येत असेल तर आतलं पॅड काढा. मागे प्लॅस्टिकचा कागद चिकटवलेला असतो. आधीच्या मालकाने स्पीकर बसवताना तो फाडलेला असणं हे फार नेहमीचं. नवा कागद ब्यूटाइल टेपने (चिकट रबरी पट्टीने) चिकटवा आणि दाराच्या तळाची भोकं मोकळी करा.

काचच गळत असेल तर वरवरची मलमपट्टी टिकत नाही. अ‍ॅम्बॅसेडर, पद्मिनीच्या काळी काच रबरात बसवलेली असायची, ते रबर बदललं की भागायचं. तुमच्या गाडीची काच चिकटवलेली आहे. ती उतरवून, खालचा गंज घासून, प्रायमर मारून पॉलियुरेथेनने, म्हणजे काच चिकटवायच्या खास गोंदाने पुन्हा बसवावी लागते. ज्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा वास येतो त्यातलं आम्ल पत्रा खातं, आणि सिलिकॉनच्या थरावर पॉलियुरेथेन धरत नाही. आधीचं सगळं खरवडून काढायला सांगा.

आता तो वास. मॅटिंग वरून एका दिवसात कोरडं वाटतं, पण खालचं जाड नमदं आठवडेच्या आठवडे पाणी धरून ठेवतं. ते बाहेर काढून घरात पंख्याखाली टाका. पत्रा स्क्रू-ड्रायव्हरने टोचून बघा. फुगलेला रंग गेला तर खाली गंज आहे, तो आत्ताच घासून रंगवा. मॅटिंगखालचे कनेक्टर हिरवे पडलेत का तेही त्याच वेळी बघा.

या सगळ्याआधी पाच मिनिटांचं एक काम करा. ग्लोव्ह बॉक्स उतरवा आणि त्यामागे एसीचा फिल्टर असेल तर बाहेर काढा. तो ओला किंवा पाणी पिऊन वाळलेला दिसला तर सीट काढायच्या आधी वायपरखालची जाळीच उघडा. काय निघालं ते नक्की कळवा.