ग्रे लावला आणि भिंत जांभळी झाली

या वेळच्या पत्रांत ग्रेचीच गर्दी आहे. सांगलीला बाबांच्या रंगाच्या दुकानात मी काउंटरवर बसायचे, तेव्हा राखाडी मागणारे यायचे ते लोखंडी कपाटासाठी नाहीतर खिडकीच्या ग्रिलसाठी. आता हॉलपासून देवघरापर्यंत सगळीकडे ग्रे हवा. हवा तर हवा, माझी काही तक्रार नाही. पण दुकानाच्या ट्यूबलाइटखाली उभं राहून, शेडकार्डावर बोट ठेवून कोणी 'हाच द्या, दहा लिटर' म्हणालं, की अजूनही माझ्या पोटात गोळा येतो.

प्रश्न : हॉलला फिकट ग्रे लावला. कार्डावर स्वच्छ राखाडी दिसत होता. दुपारी बरा वाटतो, पण संध्याकाळी दिवे लागले की भिंत चक्क जांभळट दिसते. पाहुणे विचारतात, 'लव्हेंडर का लावलंत?' दुकानदार म्हणतो, मशिनने काढलेला रंग चुकत नाही. खाली क्रीम टाइल्स आहेत, सागवानी शोकेस आणि हळदी रंगाचे पडदे. भिंतींना पुन्हा रंग द्यावा लागेल का? (डोंबिवली)

उत्तर : दुकानदार खोटं बोलत नाही आणि पाहुणेही नाहीत. पांढऱ्या बेसमध्ये, म्हणजे मशिन ज्यात रंगाचे थेंब सोडतं त्या मूळ पेंटमध्ये, नुसतं काळं टाकलं तर निळसर, थंड रंग होतो. तो फार कोणाला आवडत नाही, म्हणून बहुतेक ग्रे शेड्समध्ये काळ्याच्या जोडीला पिवळा ऑक्साइड, लाल ऑक्साइड, हिरवा, निळा किंवा जांभळा यांतलं काहीतरी थेंब-दोन थेंब पडतं. दुकानात जाऊन तुमच्या शेडचं सूत्र विचारा, मशिनच्या स्क्रीनवर दिसतं. त्यात जांभळा निघेल, नाहीतर लाल आणि निळा दोन्ही निघतील, असा माझा अंदाज आहे. त्या थेंबांचं प्रमाण इतकं कमी असतं, की दोन बोटांच्या कार्डावर ते कळत नाही. चार भिंतींवर चढलं, एका भिंतीचा उजेड दुसरीवर पडायला लागला, की मग बोलायला लागतं.

आता संध्याकाळचं. तुम्ही लिहिलं नाहीत, पण हॉलमध्ये पांढऱ्याशुभ्र एलईडी ट्यूब आहेत ना? त्यांच्या खोक्यावर ६५०० के असं लिहिलेलं असतं. के म्हणजे केल्विन, उजेडाच्या रंगाचं माप: आकडा मोठा तर उजेड निळसर, लहान तर पिवळसर. म्हणजे तुमचा हा निळसर उजेड. दुपारच्या उन्हातला पिवळेपणा भिंतीतला जांभळा दाबून ठेवतो. ऊन गेलं, ट्यूब लागली, की तो वर येतो. शिवाय संध्याकाळी डासांसाठी तुम्ही पडदे ओढत असणार. म्हणजे दिवसभर दोन्ही बाजूंना गोळा होऊन बसलेला हळदी रंग भिंतीभर पसरतो. पिवळ्याशेजारी ठेवलेला कुठलाही करडा डोळ्याला जांभळट वाटतो, मग डब्यात जांभळ्याचा थेंब असो वा नसो.

हे माझ्या पदरचं सांगत नाही. पॅरिसच्या गोबेलँ या गालिचे-पडदे विणणाऱ्या कारखान्यात शेव्ह्रल नावाचे रसायनतज्ज्ञ १८२४ पासून रंगाई विभाग सांभाळत होते. विणकरांची तक्रार आली, की काळी लोकर फिकी आहे, निळ्या-जांभळ्या विणकामात तिच्यात दमच दिसत नाही. त्यांनी दुसरीकडची काळी लोकर आणून ताडून पाहिली. आपल्या काळ्यात काही खोट नव्हती. शेजारचे रंग त्याला बिघडवत होते. १८३९ मध्ये त्यांनी हे सगळं सविस्तर छापलं. तुमच्या पाहुण्यांना सांगायला हरकत नाही.

तर आधी रंगाऱ्याला फोन करू नका. दोन दिवस पडदे उतरवून ठेवा, हवं तर जुनी पांढरी चादर लावा. एक बल्ब ४००० केचा आणि एक ३००० केचा आणून रात्री आळीपाळीने लावून बघा. खोक्यावर सीआरआय हा आकडाही असतो. ९० किंवा जास्त असेल तर उत्तम, त्या उजेडात रंग खरे दिसतात. माझ्या अनुभवात अशा निम्म्याअधिक तक्रारी इथेच मिटतात, आणि बल्बचे पैसे रंगाऱ्याच्या एका दिवसाच्या मजुरीहून कमी होतात.

तरीही जांभळं दिसलंच, तर मात्र शेड बदला. क्रीम टाइल्स आणि सागवान हलणार नाहीत, म्हणजे भिंतीने त्यांच्याशी जमवून घ्यायचं. पिवळसर-तपकिरी अंगाचा उबदार ग्रे शोधा. ओळखायचा कसा? शेडकार्डाच्या पट्टीवर वरचे फिकट चौकोन बघूच नका. त्याच पट्टीतला सगळ्यात गडद चौकोन बघा. तिथे जांभळा, हिरवा, निळा, तपकिरी जे काही लपलंय ते उघडं पडतं. पट्टी कोऱ्या पांढऱ्या कागदावर ठेवा आणि शेजारी दुसऱ्या दोन ग्रे पट्ट्या ठेवा. एकटा ग्रे कधीच कळत नाही.

मग एक लिटरचा डबा घ्या आणि दोन फूट बाय दोन फूट प्लायच्या तुकड्यावर प्रायमर मारून दोन हात द्या. थेट भिंतीवर पट्टा मारून बघू नका. आजूबाजूला आत्ताचा जांभळट रंग असल्यामुळे कुठलाही उबदार ग्रे तिथे पिवळा-हिरवाच दिसेल आणि तुम्ही चांगला रंग नाकाराल. प्लाय उभा ठेवायचा, टेबलावर आडवा नाही. सोफ्यामागे, खिडकीशेजारच्या भिंतीला, टीव्हीच्या कोपऱ्यात असा फिरवा. सकाळी, चारच्या उन्हात आणि रात्री नव्या बल्बखाली बघा. दहा बाय पंधराच्या हॉलला दारं-खिडक्या वजा जाता साधारण चारशे चौरस फूट भिंत भरते. चांगल्या इमल्शनचा एक लिटर दोन हातांत सव्वाशे चौरस फुटांच्या आसपास जातो, म्हणजे चार लिटरचा एक डबा पुरेल. एका लिटरची चाचणी महाग वाटत असेल तर हा हिशोब घासकाम, पुट्टी आणि मजुरी धरून पुन्हा मांडा.

प्रश्न : सावंतवाडीजवळ आमचं जांभ्याचं जुनं घर आहे. माजघर काळोखं, आतून चुन्याचा गिलावा, पावसाळ्यात खालच्या दोन फुटांना ओल येते. मुंबईहून येणारा मुलगा म्हणतो, आतून ग्रे प्लास्टिक पेंट मारूया, डाग दिसणार नाहीत. काय करावं? (सिंधुदुर्ग)

उत्तर : मुलाला माझा नमस्कार सांगा आणि प्लास्टिक पेंटचा डबा दुकानातच राहू द्या. चुन्याची भिंत ओल आत घेते आणि बाहेर सोडते. तिच्यावर प्लास्टिकचा पापुद्रा बसवला की ओल आत कोंडते, पहिल्याच पावसाळ्यात फोड येतात आणि दिवाळीपर्यंत खपल्या केरात. आधी ओलीचं मूळ बघा. पागोळ्यांचं पाणी जोत्याशी साचतंय का, अंगणाचा उतार घराकडे आलाय का, एखादं कौल सरकलंय का. यातलं काही असेल तर कुठलाच रंग टिकणार नाही.

रंगाचं म्हणाल तर काळोख्या माजघरात ग्रे हा ग्रे राहत नाही, नुसता मळका दिसतो. रंग किती उजेड परत फेकतो याचा एलआरव्ही नावाचा आकडा असतो. शून्य म्हणजे पूर्ण काळं, शंभर म्हणजे पूर्ण पांढरं. अनेक कंपन्या शेडसोबत तो देतात. माजघरासाठी मी ७० च्या खाली जाणार नाही. शिवाय तुमच्याकडे उघड्या चौकटीतून जांभा दिसतो. लालसर दगडाशेजारी थंड ग्रे हिरवट, शेवाळल्यासारखा वाटतो, आणि कोकणात भिंत शेवाळल्यासारखी दिसावी अशी कोणाचीच इच्छा नसते!

हौस भागवायचीच असेल तर चुन्यातच भागवा. लाद्यांसाठी मिळतो तो काळा ऑक्साइड चिमूट-चिमूट घाला आणि त्याच्या जोडीला थोडा पिवळा. ओला असताना हा चुना भलताच गडद दिसेल, घाबरू नका. वाळल्यावर तो पुष्कळ फिका होतो. म्हणून आधी एका चिऱ्यावर लावून दोन दिवस वाळू द्या आणि मग ठरवा. काम दिवाळीनंतर भिंत चांगली वाळली की सुरू करा.

प्रश्न : मुलगा-सून घराचं नूतनीकरण करताहेत. पॅसेज, बाथरूम, दारं, टाइल्स सगळं एकाच ग्रेमध्ये. माझे सासरे अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, काचबिंदूमुळे नजर कमी. मला भीती वाटते, पण बोलले तर जुनाट म्हणतील. (नाशिक)

उत्तर : बोला, ताई. तुमची भीती रास्त आहे. कमी नजरेच्या माणसाला वस्तू दिसते ती कडेमुळे, आणि कड दिसते ती उजेड-अंधाराच्या फरकाने. भिंत, दार, जमीन तिन्ही एकाच ग्रेचे झाले की कडा पुसल्या जातात. दार कुठे संपलं, उंबरठा कुठे आला, कमोड भिंतीपासून किती पुढे आहे, काही कळत नाही. ब्रिटनमध्ये सार्वजनिक इमारतींत भिंत आणि जमीन, भिंत आणि दार यांच्या एलआरव्हीत साधारण ३० चा फरक ठेवायला सांगतात, तो याच लोकांसाठी.

मुलाला ग्रे सोडायला सांगू नका. भिंत ६५-७० ची ठेवू द्या, जमीन ३५ च्या आसपास, आणि दाराची चौकट ठळक गडद. बाथरूममध्ये धरायचा दांडा चकचकीत स्टीलचा नको, ग्रे टाइलवर तो अदृश्य होतो. गडद निळा किंवा लाल घ्या. पांढऱ्या स्विचबोर्डाभोवती भिंत गडद असेल तर रात्री हाताला लगेच सापडतो. सुनेला हे आकडे दाखवा. इंटिरिअरवाल्याला एलआरव्ही माहीत असतोच; त्याच्या तोंडून आलं की जुनाट वाटणार नाही.

प्रश्न : इंग्लंडात रेडिंगला भाड्याच्या घरात राहतो. उत्तरेकडची बेडरूम, मालक फक्त 'न्यूट्रल' रंगाला परवानगी देतो. ग्रे चालेल का? (रेडिंग)

उत्तर : चालेल, पण निळसर अजिबात नको. तुमच्या ५१ अक्षांशावर हिवाळ्यात उत्तरेच्या खिडकीतून ऊन येतच नाही, नुसता ढगाळ आभाळाचा निळा-करडा उजेड येतो. आपल्याकडे महाराष्ट्रात जूनमध्ये सूर्य थोडा उत्तरेला सरकतो, तेवढी चैनही तुम्हाला जानेवारीत नाही. पिवळ्या-तपकिरी झाकेचा फिकट ग्रे घ्या. तिकडे नमुन्याचे छोटे डबे सहज मिळतात, तीन आणा. आणि बघायचे ते पावसाळी दुपारी, उन्हाच्या दिवशी नाही.

प्रश्न : सोफ्यामागे डोक्याच्या तेलाचे डाग पडले. उरलेल्या डब्यातल्या ग्रेने टचअप केलं तर चौकोनी ठिगळ दिसतंय. रंगारी म्हणतो, वाळल्यावर एक होईल. महिना झाला! (कोथरूड, पुणे)

उत्तर : होणार नाही. डब्यातला रंग ताजा आहे, भिंतीवरच्याने धूळ आणि ऊन खाल्लंय. पूर्वी रोलर मारला होता, आता ब्रश मारलात, म्हणजे पोतही वेगळा. आणि तेलावर थेट रंग मारला असेल तर डाग पुन्हा वर येणार. ग्रेमध्ये अशी ठिगळं पांढऱ्यापेक्षा जास्त दिसतात, चमक असलेल्या ग्रेमध्ये तर विचारूच नका.

साबणाच्या पाण्याने पुसून वाळवा, डागांवर प्रायमरचा हात द्या आणि मग ती अख्खी भिंत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत रोलरने मारा. दोन भिंती कोनात मिळतात तिथे थोडा फरक कोणाला कळत नाही. नवा डबा लागला तर त्याच कंपनीचा, त्याच प्रकारचा आणि त्याच कोडचा घ्या. 'दुसऱ्या कंपनीत हाच शेड जुळवून देतो' म्हणणाऱ्याकडून घेऊ नका, दिवसा जुळलेला रंग ट्यूबखाली वेगळा दिसतो. जुना आणि नवा डबा बादलीत एकत्र करून मगच लावा. आणि सोफा चार बोटं पुढे ओढा.