कुत्रा जेवताना गुरगुरतो, वसकन अंगावर येतो. काय करावं?

तुमचा चार वर्षांचा कुत्रा एरवी गरीब, पण जेवताना जवळ गेलं की गुरगुरतो. परवा मुलगी भांड्याशेजारचा चेंडू उचलायला वाकली तर वसकन अंगावर आला, दात मात्र लागले नाहीत. भांडं काढून घेऊन त्याला एकदा धाक दाखवावा का, असं तुम्ही विचारताय.

नका दाखवू. हा उद्योग मी करून बसलोय. आमची कुत्री पिल्लू असताना कुणीतरी सांगितलं, ती जेवताना भांड्यात हात घालत जा, म्हणजे सवय होईल. मी इमानेइतबारे घातला. तिला कळलं ते एवढंच, की हा आला की जेवण जातं. पुढे ती गुरगुरायला लागली, मी ओरडलो, ती गप्प झाली. मला वाटलं, जिंकलो. दोन महिन्यांनी तिने जराही आवाज न करता माझ्या अंगठ्यात दात रुतवले. गुरगुरून ती सांगत होती ते मीच बंद पाडलं होतं.

तुमचा अजून सांगतोय, हे नशीब समजा. त्याला चावायचंच असतं तर नेम चुकला नसता.

गुरगुरण्याआधीही बरंच दिसतं. चघळणं मध्येच थांबतं, तोंड भांड्यातच राहतं, अंग ताठ होतं आणि मान न वळवता डोळा तुमच्याकडे फिरतो, कडेचं पांढरं दिसेल इतका. किंवा एकदम बकाबका गिळायला लागतो. असं दिसलं की मागे फिरायचं.

आजपासून त्याचं जेवण बंद दाराआड. हाडूक, चघळायच्या वस्तूसुद्धा. लहान मूल घरात असताना ‘मी लक्ष ठेवतो’ यावर भागत नाही.

सराव फक्त मोठ्यांनी करायचा. तो ताठरत नाही इतक्या लांब, समजा ३ मीटरवर, थांबा. भांड्यातल्यापेक्षा भारी काहीतरी (आम्ही उकडलेलं चिकन वापरलं, मीठ, कांदा, लसूण काही नको) त्याच्याकडे टाका आणि लगेच पाठ फिरवा. एका जेवणात ५-६ वेळा, बस. काही दिवसांनी तुम्ही दिसताच तो सैल अंगाने मान वर करून तुमच्या हाताकडे बघेल. मग अर्धं पाऊल पुढे. आम्हाला भांड्यापर्यंत पोचायला अडीच महिने लागले. त्यात एकदा मी घाई केली नि दोन आठवडे मागे गेलो. तोंडातली वस्तू हवी असेल तरी ओढायची नाही, बदल्यात काहीतरी द्यायचं.

‘तुम्ही कळपाचे म्होरके आहात हे दाखवा’ असं सांगणारे भेटतीलच. ती कल्पना कोंडलेल्या, एकमेकांना अनोळखी लांडग्यांवरून आली. रानातला कळप म्हणजे बहुधा आई-बाप आणि त्यांची पिल्लं, हे डेव्हिड मीच (Mech) या लांडग्यांच्या अभ्यासकाने १९९९ मध्येच मांडलंय.

हे अचानक सुरू झालं असेल तर आधी पशुवैद्याला दाखवा. दात किंवा सांधे दुखत असतील, किंवा स्टेरॉइडचं औषध चालू असेल; त्याने भूक फार वाढते. दात लागलेच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. आणि चावण्यापर्यंत गेलं तर घरगुती प्रयोग थांबवून प्रशिक्षक गाठा, पण गळ्यात काटेरी किंवा शॉक देणारा पट्टा घालणारा नको.

आमच्याकडे आजही ती जेवत असताना उगाच कुणी जवळून जात नाही. जावंच लागलं तर रिकाम्या हाताने नाही.