क्लास लावला नाहीस, आता वेळापत्रक लाव

नाशिक

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

नीटसाठी, म्हणजे मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेसाठी, क्लास लावायचा नाही हे तुझं ठरलंय, तेव्हा आता त्यावर घोळ घालत बसू नकोस. कॉलेज रोडवरच्या पाट्यांवरचे टॉपरचे फोटो बघून पोटात गोळा येईल, येऊ दे. क्लासात तीन गोष्टी मिळतात: धड्यांचा क्रम कुणीतरी ठरवून देतं, दर आठवड्याला टेस्ट होते आणि चूक पकडणारं कुणीतरी असतं. शिकवणं तर फुकटही मिळतं. एनसीईआरटीची पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावरून उतरवता येतात, आयआयटी कानपूरच्या ‘साथी’ पोर्टलवर व्याख्यानं आहेत. बाकीच्या तीन गोष्टी मात्र तुला घरच्या टेबलावर उभ्या कराव्या लागतील.

आधी क्रम, कारण स्टेट बोर्डाची मुलं इथेच फसतात. नीटचे धडे एनसीईआरटीच्या अंगाने जातात आणि आपल्या बालभारतीची मांडणी वेगळी आहे. रोटेशनल डायनॅमिक्स, थर्मोडायनॅमिक्स, ऑसिलेशन्स एनसीईआरटीत अकरावीला, आपल्याकडे बारावीला. रे ऑप्टिक्स तिकडे बारावीला, आपल्याकडे अकरावीला उरकलेलं. केमिस्ट्रीत आयनिक इक्विलिब्रिया, बायोलॉजीत श्वसन आणि रक्ताभिसरण, तिथेही हीच अदलाबदल. ‘अकरावी झाली, आता बारावी’ असा हिशेब केलास तर काही धडे दोनदा होतील आणि काही एकदाही होणार नाहीत. म्हणून एका मोठ्या कागदावर चार रकाने आख: नॅशनल मेडिकल कमिशनच्या अभ्यासक्रमातला मुद्दा, एनसीईआरटीचा धडा, बालभारतीचा धडा, शेवटचा वाचल्याची तारीख. दुसरा रकाना कुठे रिकामा राहील तेही बघ. एनसीईआरटीच्या कमी केलेल्या आवृत्तीतून बारावी केमिस्ट्रीचा पी-ब्लॉक हा धडा गेला आहे, नीटमधून गेलेला नाही. मालव्हेसी, कंपोझिटी अशी वनस्पतींची कुळंही नव्या पुस्तकात सापडणार नाहीत, अभ्यासक्रमात आहेत. पी-ब्लॉकसाठी जुनी आवृत्ती मिळव, कुळं दुसऱ्या पुस्तकातून कर.

पेपर ७२० गुणांचा. १८० प्रश्न, १८० मिनिटं, बरोबर उत्तराला ४, चुकलं तर १ वजा. त्यात ९० प्रश्न एकट्या बायोलॉजीचे आणि तिचे धडे दोन्ही वर्षांचे मिळून फक्त ३२. या ३२ धड्यांना गाईड लागत नाही, पुस्तकच पुन्हा पुन्हा लागतं. पण नुसतं वाचून ते डोक्यात बसत नाही. श्वसनाच्या धड्यातले फुप्फुसांचे आकडे घे: टायडल व्हॉल्यूम ५०० मिली, इन्स्पिरेटरी रिझर्व्ह २५०० ते ३०००, एक्स्पिरेटरी रिझर्व्ह १००० ते ११००, रेसिड्युअल (बाहेर टाकताच न येणारी हवा) ११०० ते १२००. पुस्तक मिटून हे चार आकडे उभ्या पट्टीसारखे एकावर एक काढ आणि कंसांनी दाखव, व्हायटल कपॅसिटी कुठून कुठपर्यंत, फंक्शनल रेसिड्युअल कुठून कुठपर्यंत. पट्टी डोळ्यांसमोर आली की व्हायटलमध्ये रेसिड्युअल मिळवायची चूक होत नाही, आणि हमखास होते ती हीच. आकृत्यांच्या खालच्या ओळी आणि तक्तेही सोडू नकोस, प्रश्न तिथूनही येतात.

फिजिक्स-केमिस्ट्रीत आपल्या बोर्डाची एक सवय मोडावी लागेल. बारावीला लॉग टेबल वापरू देतात, नीटला ते नाही आणि कॅल्क्युलेटरही नाही. समज, फर्स्ट ऑर्डर अभिक्रियेचा अर्धायुकाल २० मिनिटं आहे, ९९.९ टक्के पूर्ण व्हायला किती वेळ? बोर्डाच्या पद्धतीने आधी के (वेगस्थिरांक), मग २.३०३, मग लॉग. त्यापेक्षा असं बघ: हजारातला एक भाग उरायला हवा आणि दहा वेळा निम्मं केलं की १०२४ पैकी एक उरतो. म्हणजे दहा अर्धायुकाल, २०० मिनिटं. लॉग २ म्हणजे ०.३०१, लॉग ३ म्हणजे ०.४७७, १० चं वर्गमूळ ३.१६ एवढं पाठ ठेव आणि पर्यायांत किती अंतर आहे ते बघून गणित कुठे थांबवायचं ते ठरव. २०२५ च्या फिजिक्सने भल्याभल्यांना घाम फोडला. रोज निदान ३० गणितं, घड्याळ लावून.

टेस्ट रविवारी दुपारी २ ते ५, कारण खरी परीक्षाही त्याच वेळेला असते आणि जेवणानंतर डोळे मिटतात. आजवरचे पेपर ओएमआरवरच, म्हणजे गोळे रंगवायच्या उत्तरपत्रिकेवरच, झाले आहेत, तेव्हा ओएमआरची छापील प्रत घेऊन काळ्या बॉलपेनने गोळे भर. प्रत्येक पान संपलं की त्या पानाचे गोळे. शेवटी एकदम भरायला बसलास की एक ओळ घसरते आणि पुढचं सगळं घसरतं. बायोलॉजी ४५ मिनिटं, केमिस्ट्री ५०, फिजिक्स ६५, उरलेला वेळ अडलेल्या प्रश्नांना. जुने पेपर सोडवताना एक ध्यानात ठेव: २०२१ ते २०२४ मध्ये प्रत्येक विषयाच्या ‘ब’ विभागात १५ पैकी १० निवडता यायचे. तू पहिले दहाच सोडव, निवडीची सवय नको.

टेस्टनंतर दोन तास चुकांच्या वहीचे. प्रत्येक चुकलेल्या प्रश्नापुढे एक शब्द लिही: येत नव्हतं, वाचलं नाही, गणित, तुक्का. ‘वाचलं नाही’ जास्त निघालं तर पुढच्या टेस्टला ‘अयोग्य विधान’ दिसलं की त्याभोवती गोल कर. तुक्क्याचं म्हणशील तर डोळे मिटून मारलेला चारात एक बरोबर येतो, म्हणजे हिशेबाने पाव गुण फायदाच. अडचण अशी की डोळे मिटून कुणी मारत नाही. ओळखीचा वाटणारा पर्याय निवडला जातो आणि तो बहुतेकदा फसवायलाच ठेवलेला असतो. दोन पर्याय कारण देऊन खोडता आले तरच मार.

भाषा: मराठीतून पेपर मिळतो, पण एनसीईआरटी मराठीत नाही आणि भाषांतरात गोंधळ झाला तर इंग्रजी मजकूरच धरतात. इंग्रजी घेतलेलं बरं.

डोमिसाइल, आरक्षण असेल तर जात पडताळणी आणि नॉन-क्रिमिलेअर यांच्यामागे दिवाळीतच लाग. राज्याच्या ८५ टक्के जागांसाठी सीईटी सेल (राज्याचा प्रवेश कक्ष) कागद मागतो तेव्हा सेतूत रांग लावायला वेळ उरत नाही.

पहिल्या चार टेस्ट झाल्या की मार्क कळवू नकोस, चुकांच्या वहीच्या पानांचे फोटो पाठव. कळावे.